नाचरीच्या भांगातलं लाल

“येसबा, हे कुंकू कुणी लावलं?”

येसबा खिडकीच्या काचा वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसत होते. त्यांनी बोळा खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि टेबलाजवळ आले. माझ्या तळहातावर बोटभर उंचीची एक बाई होती. जेडची, म्हणजे त्या मेणासारख्या दिसणाऱ्या हिरव्या दगडाची. चीनमध्ये कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी ती कोरली, असं निदान आमच्या नोंदवहीत लिहिलं होतं. एक लांबलचक बाही डोक्यावरून वळवून ती नाचत होती आणि तिच्या भांगात लाल रंगाची एक बारीक रेघ होती.

“म्या न्हाई,” येसबा म्हणाले.

“परवाच खंडेनवमी झाली.”

“झाली की. म्या तलवारींस्नी लावलं, भाल्यांस्नी लावलं, सुताराच्या हत्यारांस्नी लावलं. तुमच्या टायपरायटरला बी लावलं. ह्या हिरव्या मानसांस्नी कवाच लावल्यालं न्हाई.”

“का? यांनी काय घोडं मारलं?”

“ही हत्यारं न्हाईत, बाई. आपलं देव बी न्हाईत. दुसऱ्याच्या घरची मानसं. त्यास्नी आपलं कुकू कशापायी?”

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, बडोद्याहून संग्रहालयशास्त्राची पदविका घेऊन आले होते आणि करंजगड संस्थानच्या त्या जुन्या संग्रहालयात सगळ्यांना शिस्त लावायची हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. येसबा खराडे तिथे एकतीस वर्षं होते. दालनं उघडणं, बंद करणं, पुसणं, धुणं सगळं त्यांच्याकडे. दर खंडेनवमीला ते शस्त्रं पुसून मांडत, हळदकुंकू वाहत आणि झेंडूची माळ घालत. शंभर वर्षांच्या पोलादावर ओलं हळदकुंकू! मी आल्या आल्या संचालक माजगावकर साहेबांकडे तक्रार केली होती. साहेबांनी येसबांना बोलावून सगळ्यांदेखत झापलं होतं. तरी येसबांनी या वर्षीही लावलंच, फक्त कोरडं लावलं.

हिरव्या वस्तूंची पेटी त्या दिवशी गोदामातून वर काढली होती, कारण सोमवारी मुंबईहून डॉ. शिरीन कॉन्ट्रॅक्टर येणार होत्या. आमच्या राजेसाहेबांनी फार पूर्वी शांघायला एका व्यापाऱ्याकडून या बावीस वस्तू घेतल्या होत्या. गळ्यात किंवा कमरेला लटकवायची पदकं, पक्षी, मासा, एक झोपलेलं डुक्कर, झाडावर किर्र करतो तसला एक किडा आणि ही नाचरी. नाव येसबांनीच ठेवलं होतं. व्यापाऱ्याने खरा माल दिला की राजेसाहेबांना टोपी घातली, हे पन्नास वर्षांत कुणी छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. बाई ‘खरं’ म्हणाल्या तर चिनी दालन उघडणार होतं आणि ते मी मांडणार होते. डिसेंबरात माझं प्रोबेशन संपत होतं. दालन झालं असतं तर नोकरी पक्की होती.

थोडक्यात, पाहुण्या येणार म्हणून मी घर आवरायला घेतलं होतं.

“रिठे भिजत घाला,” मी येसबांना सांगितलं. “आणि मऊ ब्रश आणा.”

“बाई, ऱ्हाऊ द्या की. जुनं हाय.”

“जुनं आहे म्हणूनच. त्या बाई भिंगातून बघणार. त्यांना काय दिसेल? चिनी बाईच्या भांगात करंजगडचं कुंकू!”

येसबांनी ब्रश आणून ठेवला. मग म्हणाले, “म्या लावलं असतं तर हळद बी लावली असती. नुसतं कुकू कोन लावतं?”

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. आज मला त्यांच्या आवाजाची पट्टीसुद्धा आठवते. पण मी म्हणाले, “रिठे.”

रिठ्याच्या पाण्यात नाचरीला बुडवून मी ब्रश फिरवला. वरची धूळ गेली. भांगातलं लाल गेलं नाही. कुंकू पाण्यात पडलं की पाणी रंगतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला सांगावं लागत नाही. वाटीतलं पाणी मातकट होतं, पण लाल नव्हतं.

“बघा,” येसबा हळूच म्हणाले. “कुकू असतं तर रंग सुटला असता.”

इथे मी थांबायला हवं होतं. मला कळलं होतं. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की कळलं नव्हतं, पण ते खोटं आहे. माझ्या हातात काहीतरी वेगळं आहे, हे मला त्या क्षणी कळलं होतं, आणि ते एका शिपायाने मला दाखवून द्यावं याचा मला राग आला होता. मी बांबूची काडी घेतली, तिला टोक काढलं आणि भांग कोरायला लागले.

लाल रंग बारीक रव्यासारखा सुटून आला. बाहीच्या चुण्यांत होता, किड्याच्या पंखांमधल्या रेघांत होता, डुकराच्या कानामागे होता. रंगाबरोबर मातीची कडक पापडीही निघत होती. बावीसपैकी नऊ वस्तूंवर लाल होतं. चार वाजेपर्यंत कशावरच राहिलं नाही. सगळ्या वस्तू ओल्या द्राक्षांसारख्या चमकत होत्या आणि मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटत होता.

टीपकागदावर चमचाभर लाल रवा जमला होता. मी तो कागद चुरगाळायला उचलला, तेवढ्यात येसबांनी हात पुढे केला.

“द्या हिकडं. लाल हाय. केरात टाकू नगा.”

“अहो, तुम्हीच म्हणता ना कुंकू नाही म्हणून?”

“नसंल. पन कुनी तरी कुनाला तरी वाहिल्यालं हाय न्हवं?”

त्यांनी टीपकागदाची घडी घातली, वरून पांढरा कागद गुंडाळला आणि किराणा दुकानदार बांधतो तशी दोऱ्याने नेटकी पुडी बांधली. माझ्या टेबलाचा वरचा खण उघडून आत ठेवली.

“हितं ऱ्हाऊ द्या. पुढं कवातरी पान्यात सोडू.”

सोमवारी डॉ. कॉन्ट्रॅक्टर आल्या. साठीच्या, बुटक्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांच्या पणजोबांचा चीनशी व्यापार होता आणि घरात अजून चिनी कपाटं होती, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. मराठी मोडकंतोडकं होतं, पण बोलायची भारी हौस. माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर काळं मखमली कापड पसरून वस्तू मांडल्या होत्या. माजगावकर साहेब शेजारी बसले होते. येसबा चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते.

बाईंनी सगळ्यांत आधी तो किडा उचलला.

“हा तुमी ओळखते काय? हा मेलेल्या माणसाच्या जिभेवर ठेवायचा. हा किडा वर्सानुवर्स जमिनीत असते, मग वर येते आनि गाते. म्हंजे मेलेला माणूस पन परत येल.”

“आमच्यात सोन्याचा मनी ठिवत्यात,” दारातून येसबा म्हणाले. “आन तुळशीचं पान.”

माजगावकर साहेबांनी वळून डोळे वटारले. पण बाई खुश झाल्या. “एक्झॅक्टली! हा माणूस समजला बघा. काय नाव तुमचा?”

“येसबा खराडे, बाईसाब.”

“येसबा, या, इकडे या, तुमी पन बघा.”

एकतीस वर्षांत त्या खोलीत येसबांना कुणी असं बोलावलं नसेल. ते ट्रे घेऊनच दोन पावलं पुढे आले.

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. किडा उलटा केला, सुलटा केला. नाचरी उचलली. मग त्यांनी पर्समधून एक जुनं पत्र काढलं. राजेसाहेबांच्या एका इंग्रज स्नेह्याने लिहिलेलं होतं ते.

“हा माणूस लिहिते की खाचांमदे लाल रंग आहे. मी त्याच्यासाटी मुंबईवरून आली. जुन्या चिनी थडग्यात मेलेल्या माणसावर हिंगूळ टाकायचे. लाल हिंगूळ. तो मातीबरोबर जेडच्या खाचेत बसते, दगडासारखा. त्याच्यावरून समजते की वस्तू थडग्यातून आली. नायतर कोरीव काम तर कोनी पन नक्कल करेल.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “पन इते लाल नाय. माती पन नाय. कोनी धुतला हा?”

मी मखमली कापडाची सुरकुती सारखी करत राहिले.

“थोडा जरी मिळाला असता,” बाई म्हणाल्या, “चिमूटभर, तर मी लॅबोरेटरीत पाठवला असता. कोनी ठेवला असेल काय?”

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. हात खाली नेला असता तर पुडी बोटांना लागली असती.

मी येसबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता, भीतीही नव्हती. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीकडे मास्तर पाहतात, तसे ते पाहत होते. आता ही हात वर करील, असे.

“येसबा!” माजगावकर साहेब एकदम कडाडले. “तूच ना? दर नवमीला तुझी ती धुणीपुसणी, पूजा, कुंकू! किती वेळा बजावलं तुला? कुंकू फासलंस, मग साहेब ओरडतील म्हणून घासूनही काढलंस, होय ना?”

“न्हाई साहेब.”

“मग कुणी? वस्तू आपल्या आपण अंघोळीला गेल्या?” साहेब माझ्याकडे वळले. “मिस कानिटकर, गोदामाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?”

नुसता किल्ल्यांचा प्रश्न होता तो. त्याचं उत्तर खरं होतं, आणि मी खरं उत्तर दिलं.

“येसबांकडे,” मी म्हणाले.

येसबांनी ट्रे जपून टेबलाच्या कडेला ठेवला, साहेबांना नमस्कार केला, बाईंना नमस्कार केला आणि ते बाहेर गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉ. कॉन्ट्रॅक्टरांनी अहवालात लिहिलं: कोरीव काम उत्तम, काळ अनिश्चित. जाताना त्या मला म्हणाल्या, “त्या माणसाला फार बोलू नका हं. त्याने प्रेमाने केला असेल.” मी मान डोलावली.

येसबांना दालनांत पाऊल टाकायला बंदी झाली. त्यांची नेमणूक फाटकावर झाली, सायकली लावायच्या जागेत. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते आणि संग्रहालयाच्या वर्धापनदिनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार व्हायचं आधीच ठरलं होतं. त्यासाठी त्यांनी अबोली रंगाचा फेटा घेऊन ठेवला होता. रंग हौसाबाईंनी, त्यांच्या बायकोने निवडलेला. नवरात्राच्या आधीच त्यांनी तो मला कौतुकाने दाखवला होता. साहेबांनी सत्काराच्या यादीतलं नाव कापलं. यादी टाइप मीच केली.

पाच महिने मी रोज त्या फाटकातून आत गेले. येसबा माझी सायकल धरत, “द्या बाई,” म्हणत आणि सावलीत लावत. संध्याकाळी काढून देत. एकदा, जानेवारीत असेल, मी धीर करून म्हणाले, “येसबा, त्या दिवशी...”

ते थांबले. सायकलचं हँडल धरून पुरे लक्ष देऊन थांबले. मला वाटतं, ते त्याचीच वाट पाहत होते. मागून माजगावकर साहेबांची मोटार आली आणि मी म्हणाले, “त्या दिवशी सांगितलं होतं ना, मागच्या चाकात हवा कमी आहे?”

“भरतो,” येसबा म्हणाले.

चिनी दालन झालं नाही, तरी डिसेंबरात माझी नोकरी पक्की झालीच होती. मार्चमध्ये येसबा गावी गेले. बावीस वस्तू पेटीत परत गेल्या. पुढे साहेब निवृत्त झाले, मग वारले. डॉ. कॉन्ट्रॅक्टर वारल्याचं पेपरात वाचलं. मी अभिरक्षक झाले, मग संचालक झाले. तीन वेळा खोली बदलली आणि तिन्ही वेळा वरच्या खणातलं सगळं सामान शिपायाने हलवलं, पण पुडी मी स्वतः हलवली. पाण्यात सोडायची हिंमत झाली नाही. उघडायची तर नाहीच.

माझी निवृत्ती आली तेव्हा विश्वस्तांचं पत्र आलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. दुसऱ्या दिवशी पुडी पर्समध्ये टाकली आणि येसबांच्या गावाची एसटी धरली.

एवढ्या वर्षांनी माणूस सापडेल, अशी खरं तर आशा नव्हती. घर सापडलं. ओसरीवर हौसाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचं कपाळ मोकळं होतं. त्यावरूनच मला कळलं.

“सात वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “बसा. तुम्ही कोन म्हनायच्या?”

“मी संग्रहालयातली. नलिनी कानिटकर.”

त्यांचे हात थांबले. मग पुन्हा शेंगा फोडू लागल्या. “पुडीवाल्या बाई,” त्या म्हणाल्या.

“त्यांनी सांगितलं होतं?”

“मला येकटीला. म्या लई भांडले. म्हनलं, सायबाकडं जावा, बाईचा खन उघडायला लावा. तर म्हनले, ‘मी कशाला? बाईच सांगत्याल. पोर हाय, भ्याली असंल. सांगंल.’ पयल्या वर्सी म्हनले, दुसऱ्या वर्सी म्हनले. मग म्हनायचं सोडलं.” त्यांनी टरफलं पदरातून झटकली. “खंडेनवमीला हत्यारं पुजायचं बी सोडलं. कुणी इचारलं तर म्हनायचे, माझ्या हाताला ते बरं न्हाई. त्यो अबोली फेटा तसाच ट्रंकेत हाय. शेवटी तोंडात मनी ठेवला. तवर तुमचं नाव दुसऱ्या कुनाला कळू दिलं न्हाई.”

मी पर्समधून पुडी काढली. दोरा तोच होता, येसबांनी बांधलेला. मला गाठ सुटेना. हौसाबाईंनीच माझ्या हातातून घेऊन ती सोडली. टीपकागदाची घडी उघडली आणि आतलं ते लाल, अजून जसंच्या तसं लाल, त्यांच्या मोकळ्या कपाळासमोर उघडं पडलं. मी काय घेऊन आले होते, ते मला तेव्हा दिसलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“हे कुंकू नाही, मावशी,” मी घाईघाईने म्हणाले. “हिंगूळ आहे. येसबांनी काही लावलं नव्हतं, त्यांनी काही धुतलं नव्हतं. मी धुतलं. मी खरवडून काढलं. ते मला नको म्हणत होते.”

माझं बोलणं संपेपर्यंत त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

“मला ठावं हाय की,” त्या म्हणाल्या. “मला कशाला सांगताय?”

त्यांनी टीपकागदाची घडी पुन्हा जशीच्या तशी घातली, वर कागद गुंडाळला, दोरा बांधला आणि पुडी माझ्या हातात दिली. चहा पिऊन जा म्हणाल्या. मी प्यायले.

सत्काराच्या दिवशी मी बोलायला उठले. समोर पन्नासेक माणसं होती. मी पुडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. रिठे, काडी, भांग, खण, किल्ल्या. स्वतःबद्दलचं एक अक्षरही गाळलं नाही. माझा भित्रेपणा, माझा गर्व, माझी नोकरी, माझी इतक्या वर्षांची टोचणी, सगळं. बोलताना दोनदा रडू आलं. शेवटी म्हणाले की पुडी तपासायला पाठवावी आणि वस्तू खऱ्या ठरल्या तर चिनी दालन उघडून तिथे लिहावं की येसबा खराडे निर्दोष होते.

कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, “एवढ्या मोठ्या पदावरच्या व्यक्तीने एवढा प्रांजळपणा दाखवणं, याला फार मोठं मन लागतं.” त्यांनी शाल माझ्या खांद्यांवर नीट सारखी केली.

कार्यक्रम संपल्यावर माणसं नमस्कार करून जात होती. दोन वर्षांपूर्वी लागलेली आमच्या कार्यालयातली टंकलेखिका मेघना जवळ आली. तिचेही डोळे भरले होते.

“मॅडम, फार लागलं मनाला,” ती म्हणाली. मग जरा अडखळली. “पण एक विचारू? ते येसबा... ते कोण होते?”